गाडी सोडवायला सकाळी सातला का जाऊ नये

या वेळी एन्झाइमच्या रचनेवरच्या लेखाचा दुसरा भाग टाकणार होते. तो पुढच्या खेपेला. मध्ये एक प्रसंग घडला, आणि त्यात माझा संशोधनाचा विषय आणि पोलीस ठाण्याचं आवार एकाच कागदावर आले. ते आधी लिहून टाकते.

गेल्या महिन्यात शनिवारी रात्री (खरं तर रविवार लागला होता) दीडच्या सुमारास फोन वाजला. आमच्या लॅबमधला ज्युनियर. "ताई, झोपली होतीस का?" रात्री दीडला असं विचारणारा माणूस एकतर प्रेमात पडलेला असतो नाहीतर अडचणीत. हा अडचणीत होता. मित्राचं लग्न ठरलं म्हणून पार्टी, परतताना पुण्यातल्या एका मोठ्या चौकात नाकाबंदी, यंत्रात फुंकर, आणि यंत्रातून बाहेर आलेल्या चिठ्ठीवर आकडा: १३५.

मी आणि लॅबमधला अजून एक जण रिक्षाने पोहोचलो. त्याची वैद्यकीय तपासणी झालेली होती, लायसन्स जमा झालं होतं आणि बाइक ठाण्याच्या आवारात उभी होती. कोर्टात हजर राहण्याचा कागद देऊन त्याला आमच्याबरोबर सोडलं. हवालदारांनी शांतपणे सांगितलं, "गाडी सकाळी. मालकाला घेऊन या, कागदं घेऊन या. आरसी कुणाच्या नावावर आहे?"

आरसी वडिलांच्या नावावर. वडील सोलापूरला.

सकाळी साडेसहाला त्याचा मेसेज आला: "ताई, मी सातला जाऊन गाडी घेऊन येतो. झोप झालीये, एकदम ठीक आहे. बाबांना कळायच्या आत मिटवतो." मी मेसेज वाचला, उशाशी पडलेल्या एका प्रिंटआउटची मागची बाजू घेतली आणि गणित मांडलं. मग त्याला फोन करून सांगितलं, "तू कुठेही जाऊ नकोस. तू अजून प्यायलेला आहेस."

त्याला राग आला. तुम्हालाही कदाचित हे पटणार नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

चिठ्ठीवरचा आकडा म्हणजे काय

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. त्यात मर्यादा दिली आहे: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. त्याच्या वर गेलात की गुन्हा. आपल्या भाऊसाहेबांचे १३५, म्हणजे मर्यादेच्या साडेचार पट.

पण यंत्राने रक्त तर घेतलंच नाही, श्वास घेतला. मग रक्तातला आकडा कसा कळला? फुप्फुसांत रक्त आणि हवा यांच्यामध्ये अगदी पातळ पडदा असतो. रक्तातलं अल्कोहोल त्यातून हवेत उतरतं, आणि किती उतरायचं याचं प्रमाण साधारण ठरलेलं असतं. यंत्रं बनवणारे असं धरून चालतात की २१०० मिलिलिटर खोल श्वासात जितकं अल्कोहोल, तितकंच १ मिलिलिटर रक्तात. म्हणून पोलीस "जोरात, अजून, अजून" म्हणत राहतात. त्यांना तोंडातली हवा नको असते, फुप्फुसाच्या तळातली हवी असते.

यंत्राच्या आत बहुधा एक छोटा फ्युएल सेल असतो. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर अल्कोहोलचं ऑक्सिडीकरण होतं, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि विजेचा बारीकसा प्रवाह वाहतो. अल्कोहोल जितकं जास्त तितका प्रवाह जास्त. म्हणून बडीशेप, वेलची, पुदिन्याच्या गोळ्या, पान यांचा काही उपयोग नाही. त्यांनी वास झाकला जातो, आणि यंत्र वास घेत नाही. उलट अल्कोहोल असलेल्या माउथवॉशने चूळ भरली तर काही मिनिटं आकडा खोटाच फुगतो. तुम्ही खरंच प्यायला नसाल आणि अशा कारणाने यंत्र वाजलं, तर पंधरा मिनिटं थांबून पुन्हा चाचणी घ्यायची विनंती करा. तोंडातलं अल्कोहोल तेवढ्यात उडून जातं, रक्तातलं जात नाही.

१:२१०० हे प्रमाण प्रत्येकात अगदी तेवढंच नसतं. रक्ताची चाचणी म्हणूनच असते. ते रक्त काढताना त्वचा स्पिरिटने पुसायची नसते (कारण उघड आहे) आणि कुपीत सोडियम फ्लोराइड घालतात, म्हणजे नमुना पडून राहिला तरी जंतू त्यातल्या साखरेचं नवं अल्कोहोल बनवू शकत नाहीत. पुढे प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीने मोजणी होते.

दोन की चार?

आमच्या ज्युनियरने मला रात्री सांगितलं होतं, "ताई, दोनच लार्ज घेतले." सकाळी त्याचाही हिशेब लागला.

एरिक विडमार्क नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात एक साधं सूत्र दिलं. पोटात किती ग्रॅम अल्कोहोल गेलं, त्याला वजनाने भागायचं, पण पूर्ण वजनाने नाही. अल्कोहोल पाण्यात मिसळतं, चरबीत फारसं नाही. म्हणून पुरुषांसाठी वजनाच्या सुमारे ०.६८ पट आणि बायकांसाठी सुमारे ०.५५ पट धरायचं. (त्याच वजनाच्या बाईला तेवढ्याच दारूने जास्त चढते त्याचं मोठं कारण हेच आहे.)

आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. एक लार्ज म्हणजे ६० मिलिलिटर, त्यात जवळपास २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आमच्या हीरोचं वजन ६० किलो. दोन लार्ज धरले तर सूत्र म्हणतं सुमारे ९९. त्याने रात्री नऊला सुरुवात केली आणि एकला पकडला गेला. चार तासांत शरीराने तासाला १५ प्रमाणे ६० कमी केले असतील. राहिले ३९. यंत्र १३५ म्हणतंय. जमत नाही.

चार लार्ज धरले तर? १९९ वजा ६०, म्हणजे १३९. यंत्र १३५.

मी त्याला विचारलं, "चार होते ना?" पलीकडे बराच वेळ शांतता. मग "हो." इतका नेमका मेळ बसला यात नशिबाचा भाग आहे, माणसामाणसात बराच फरक असतो. पण दोन आणि चार यातला फरक लपण्याइतका लहान नसतो.

यकृताचा टोलनाका

आता मुख्य मुद्दा. वर मी सहज "तासाला १५" म्हणून गेले. माझ्या पीएचडीचा विषय इथे येतो.

आपण घेतो त्या बहुतेक औषधांचा शरीरातून जाण्याचा एक 'अर्धा वेळ' असतो. ठरावीक तासांत निम्मं जातं, पुढच्या तेवढ्याच तासांत उरलेल्याचं निम्मं. म्हणजे सुरुवातीला झपाट्याने कमी होतं. आपल्या मनातही दारूबद्दल हेच चित्र असतं: एक झोप काढली की गेली. दारू अशी वागली असती आणि तिचा अर्धा वेळ दोन तासांचा असता, तर रात्री एकला १३५ असलेला माणूस सकाळी सातला १७ वर आला असता. आमचा ज्युनियर मनातल्या मनात हेच गणित करत होता, त्याला ते माहीत नव्हतं इतकंच.

अल्कोहोल तसं वागत नाही. ते मोडायचं काम मुख्यतः यकृतातलं अल्कोहोल डिहायड्रोजनेज हे एन्झाइम करतं. अल्कोहोलचं ॲसिटाल्डिहाइड, मग दुसऱ्या एन्झाइमकडून त्याचं ॲसिटेट. हे एन्झाइम म्हणजे टोलनाका समजा. रस्त्यावर तुरळक गाड्या असतील तर आली की गेली. पण दिवाळीच्या सुट्टीत खंबाटकी घाटाअलीकडे लागते तशी रांग लागली, तर रांग एक किलोमीटरची असो की चार, नाक्यातून तासाला तेवढ्याच गाड्या सुटणार. कारण खिडक्या तेवढ्याच आहेत.

आमच्या भाषेत याला एन्झाइम संपृक्त होणं म्हणतात. या एन्झाइमच्या मुख्य प्रकारांना भरून टाकायला रक्तात अगदी थोडं अल्कोहोल पुरतं. कायद्याची ३० ची मर्यादा म्हणजे सुमारे ६.५ मिलिमोलर, तिथेही नाक्यावर रांग असते. १३५ म्हणजे जवळपास २९ मिलिमोलर. रांग पार घाटाखालपर्यंत. त्यातून या एन्झाइमला हाताशी एनएडी नावाचा मदतनीस रेणू लागतो, आणि तो वापरला की पुन्हा तयार व्हायलाही वेळ जातो. म्हणून दारू अर्ध्या-अर्ध्याने कमी होत नाही, सरळ रेषेत उतरते. बहुतेकांमध्ये तासाला १० ते २५ मिलिग्रॅम, सरासरी १५ च्या आसपास. अगदी खाली, २० च्याही खाली गेलं की रांग संपते आणि रेषा वळते. पण तोवर सरळच.

यावरून घरगुती उपायांचा निकाल लावता येतो. कॉफीने रांगेतला ड्रायव्हर जागा होईल, खिडक्या वाढणार नाहीत. गार पाण्याच्या आंघोळीचं तेच. लिंबूपाणी, ताक, दही तहान भागवतात, बस. उलटी केली तर पोटात उरलेलं पडेल, रक्तात गेलेलं नाही. व्यायाम करून घामावाटे काढायचं म्हणाल, तर श्वास, घाम आणि लघवी मिळून जेमतेम दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी जातो, बाकी सगळं त्या नाक्यातूनच. आणि झोप? झोपेत नाका चालू असतो, पण जास्त वेगाने नाही. झोपेने तुम्हाला बरं वाटतं, आणि तिथेच फसगत होते. बरं वाटणं आणि आकडा उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सातचं गणित

रात्री १ वाजता १३५. मर्यादा ३०. उतरायचे आहेत १०५.

तासाला २० उतरत असतील तर सव्वापाच तास: सकाळी सव्वासहा.
तासाला १५ उतरत असतील तर सात तास: सकाळी आठ.
तासाला १० उतरत असतील तर साडेदहा तास: सकाळी साडेअकरा.

सरासरी वेगाने धरलं तरी सातला त्याच्या रक्तात ४५ असणार होते. दीडपट मर्यादा. तो ठाण्याच्या आवारातून, ज्या पोलिसांनी रात्री पकडलं त्यांच्यासमोर, गाडीवर बसून किक मारणार होता. आणि हा केवळ मर्यादेचा हिशेब आहे. शून्यावर यायला अजून दोन-तीन तास.

शिवाय एक गोष्ट मी यात धरलीच नाही. शेवटचा पेग त्याने निघता निघता घेतला होता. तो एक वाजता अजून पोटातच असणार. म्हणजे चिठ्ठीवरचा १३५ हा त्या रात्रीचा कळस असेलच असं नाही, त्यानंतर आकडा थोडा चढलाही असेल. म्हणून असं गणित करताना नेहमी सर्वांत हळू वेग धरायचा, तासाला १०. आपला वेग कुठला हे आपल्याला बाहेरून कळत नाही. आणि हे गणित "किती प्यायलो तर चालवता येईल" यासाठी उलटं वापरू नका. ते तेवढं अचूक नाही, आणि चूक झाली तर ती रस्त्यावर होते. पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. दोन तरुण माणसं बाइकवरून घरी निघाली होती, ती पोहोचली नाहीत.

गाडी ठेवून का घेतात?

आता कायद्याकडे येते. मी वकील नाही, पण त्या रविवारी सकाळी कायद्याची कलमं वाचत बसले होते, आणि एक गंमत सापडली.

दारू पिऊन चालवली म्हणून गाडी जप्त करा, असं कलम १८५ मध्ये कुठेही म्हटलेलं नाही. गाडी अडकवून ठेवण्याचं कलम २०७ आहे, पण ते लायसन्स नसणं, नोंदणी नसणं, परमिट नसणं अशा गोष्टींसाठी. मग गाडी राहते कशी? कलम २०२ पोलिसांना अशा चालकाला वॉरंटशिवाय अटक करायचा अधिकार देतं, आणि त्याच कलमात पुढे म्हटलंय की चालकाला अटक केली तर परिस्थितीनुसार गाडीची तात्पुरती व्यवस्था पोलिसांनी लावावी. तात्पुरती व्यवस्था. म्हणजे मुळात हा गाडीवरचा दंड नाही. चालक गाडी चालवायच्या स्थितीत नाही आणि गाडी चौकात सोडून देता येत नाही, म्हणून ती सांभाळून ठेवायची.

तेलंगणा उच्च न्यायालयाने २०२१ साली हाच धागा धरला. निकालाचा सारांश असा: फक्त चालक प्यायलेला आहे म्हणून गाडी जप्त करू नये. सोबत न प्यायलेला, लायसन्सधारक माणूस असेल तर गाडी त्याला द्यावी. नसेल तर नातेवाइकाला किंवा मित्राला बोलवू द्यावं. कुणीच नसेल तर पोलिसांनी गाडी सुरक्षित ठेवावी आणि मालक किंवा त्याने नेमलेला माणूस कागदपत्रं घेऊन आला की द्यावी. हा निकाल महाराष्ट्रातल्या पोलिसांवर थेट बंधनकारक नाही, इथे ठाण्यागणिक पद्धत थोडी वेगळी दिसते. पण विनंती करताना माहीत असावा. आम्ही रात्री दोघं गेलो होतो, दोघंही न प्यायलेले. माझ्याकडे लायसन्स आहे, पण ते फक्त गिअर नसलेल्या दुचाकीचं. दुसऱ्याचं लायसन्स खोलीवर राहिलं होतं. ते खिशात असतं तर निदान विचारून बघता आलं असतं. हा धडा फुकट मिळाला.

सोडवायची कशी

तुमच्या घरातलं कुणी अशा प्रसंगात सापडलं, तर क्रमाने:

पहिलं, रात्रीच कागद घ्या. लायसन्स जमा केल्याची पावती, गाडी ताब्यात घेतल्याची नोंद आणि यंत्राची चिठ्ठी, किमान त्यांचे फोटो. कुठलं ठाणं, कोण अंमलदार, हे लिहून ठेवा. अटक झाली असेल तर हा जामीनपात्र गुन्हा आहे, आणि अटकेपासून दोन तासांत डॉक्टरांकडून तपासणी व्हावी असं कलम २०२ सांगतं. फुंकर मारायला किंवा रक्त द्यायला नकार देऊन सुटका होत नाही; सबळ कारणाशिवाय नकार दिला तर कलम २०५ प्रमाणे तो तुमच्याच विरोधात धरता येतो.

दुसरं, मालक शोधा. आरसीवर नाव असलेला माणूस स्वतः आला तर सगळ्यात सोपं. येता येत नसेल तर सही केलेलं अधिकारपत्र आणि ओळखपत्राची प्रत. गाडी नेणारा कोणीही असो, त्याच्याकडे त्या प्रकारच्या गाडीचं लायसन्स हवं आणि तो प्यायलेला नको. चालकाचं लायसन्स जमा झालेलं असल्यामुळे तो स्वतः हा माणूस असूच शकत नाही. आमच्या ज्युनियरच्या हे सकाळपर्यंत लक्षातच आलं नव्हतं.

तिसरं, कागद: आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळखपत्र. डिजिलॉकरमधली प्रत चालते, तरी छापील प्रत जवळ ठेवा, ठाण्यात नेटवर्क कधी जाईल सांगता येत नाही. पीयूसी संपलेली निघाली तर त्याचं वेगळं चलन. (आमची निघाली.)

चौथं, सही करण्याआधी गाडी बघा. चारी बाजूंनी फोटो, आरसे, टायर, डिकीतलं सामान, पेट्रोल. मग ताबा पावतीवर सही. टोइंगचे पैसे घेतले तर पावती मागा.

पाचवं, अपघात झालेला असेल तर हे सगळं वेगळं. तेव्हा गाडी मुद्देमाल होते, मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी होते, आणि ठाण्यातून नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने सुटते. त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ (पूर्वीच्या सीआरपीसीचं ४५७) किंवा ४९७ (पूर्वीचं ४५१) खाली अर्ज करायचा, आणि हमीपत्र लिहून द्यायचं. जप्त गाड्या ठाण्यात गंजत ठेवण्यात अर्थ नाही, योग्य हमी घेऊन त्या लवकर सोडाव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ सालीच सांगितलंय. अर्जात या निकालाचा उल्लेख वकील करतातच.

गाडी आली म्हणजे मिटलं नाही

कलम १८५ तडजोड शुल्क भरून जागेवर मिटत नाही. कोर्टात जावंच लागतं. कुणी "इथेच बघू" म्हणालं तर तो दंड नाही, ती लाच आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये किंवा दोन्ही. जमा झालेलं लायसन्स आरटीओकडे जातं, तिथे तुमचं म्हणणं ऐकून घेतात आणि पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवू शकतात. दुसऱ्या वेळी लायसन्स रद्दच होऊ शकतं. म्हणजे गाडी दारात उभी, पण चालवायला तुम्ही नाही. त्या काळात चालवलीत तर तो आणखी एक गुन्हा. आणि त्या रात्री गाडी कुठे ठोकली असती, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मिळाला नसता. पॉलिसीत ती अट छापलेली असते.

सोलापूरहून

शेवटी त्याने सातला वडिलांना फोन केला. मी शेजारी बसले होते. पलीकडून एकही शिवी ऐकू आली नाही. फक्त "लागलं नाही ना कुठं?" आणि मग "येतो."

काका सव्वाबारा वाजता हडपसरला उतरले. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत आरसी, विम्याचा कागद, आधार, आपलं लायसन्स. आम्ही तिथूनच ठाण्यात गेलो. पाऊण तासात काम झालं. काकांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, पावतीवर सही केली, पीयूसीचं चलन भरलं. मुलाशी ते अजून बोलले नव्हते.

बाहेर आल्यावर मला म्हणाले, "पोरी, ती उतरते किती वाजता, नक्की?"

मी तो सकाळचा कागद दाखवला. १३५, ३०, तीन वेग, तीन वेळा. त्यांनी चष्मा लावून वाचला. "म्हणजे हा सातला आला असता तर..." "हो काका." त्यांनी साडेअकराच्या आकड्यावर बोट ठेवलं, घड्याळात पाहिलं, कागदाची घडी करून खिशात टाकली. "हे असू दे माझ्याकडं."

मग हेल्मेट घालून ते पुढे बसले आणि हा मागे. परतीची बस रात्रीची होती, तोवर लेकाच्या खोलीवर थांबणार होते.

हे सगळं लिहू का, असं मी ज्युनियरला विचारलं तेव्हा त्याची एकच अट होती. नाव नको, पण आकडे सगळे खरे लिही. चार लार्जसकट.